रेडिओवांचून मोटार

मोटार विकावयास काढली म्हणजे तींत काय काय आहे हें सांगतांना विक्रेत्याची जीभ थकत नाहीं, असा आजवरचा सर्वांचा अनुभव आहे. परंतु २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील एका नव्या कंपनीनें जी मोटार लोकांपुढें मांडली, तिच्यांत काय काय नाहीं हीच यादी मोठी होती, आणि ती यादी कंपनीच मोठ्या हौसेनें वाचून दाखवीत होती. कंपनीचें नांव 'स्लेट', म्हणजे आपल्या भाषेंत पाटी. पुढें दोघांपुरती बैठक व मागें माल टाकण्यास उघडा हौदा, अशी ही विजेवर चालणारी लहान मालमोटार; तिकडे या जातीस पिकअप म्हणतात. तिला रंग दिलेला नाहीं. करड्या प्लास्टिकचे पत्रे सांच्यांतून जसे निघाले तसेच लावलेले. कांचा खालींवर करण्यास हातानें फिरवावयाचा दांडा. मध्यभागीं चित्रें दाखविणारा पडदा नाहीं. आणि ज्या गोष्टीचा पुष्कळ बोभाटा झाला ती ही कीं, तिच्यांत रेडिओहि नाहीं व त्याचे कर्णेहि नाहींत. पाटी आम्ही कोरी देतों, तिच्यावर काय लिहावयाचें तें मालकानें आपल्या ऐपतीप्रमाणें लिहावें, असें यामागचें धोरण.

या धोरणांत व्यापार मुळींच नाहीं असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. ज्यानें कोरी पाटी विकली तोच शेजारीं पेन्सिलींचें दुकान मांडून बसला आहे. शंभराहून अधिक जोडवस्तू आपण विकूं, असें कंपनीनें पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें होतें. शिवाय सरकारी सवलत धरून २० हजार डॉलरांच्या आंत गाडी मिळेल, असें जें आरंभीं सांगण्यांत आलें, त्यांतील ती सवलतच ३० सप्टेंबर २०२५ रोजीं संपुष्टांत आली. तेव्हां स्वस्ताईचा तो हिशेब होता तसा राहिला नाहीं. पण आम्हांस येथें किंमतीची चर्चा करावयाची नाहीं. ज्यांचीं मुलें व सुना तिकडे संसार थाटून आहेत अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत, आणि बागेची माती, लांकडें, जुनें कपाट वाहून नेण्यास घरची एक पिकअप असावी ही चाल तिकडे सर्रास आहे. अशी बोडकी गाडी दारीं आली तर तींत रेडिओ बसवावा कीं खिशांतील फोनवर भागवावें, हा प्रश्न आज ना उद्यां बोलण्यांत निघणारच. आमचें उत्तर असें कीं, बसवावा, आणि नीट बसवावा. कारण सांगतों.

मोटारींत रेडिओ नसणें ही गोष्ट नवी नव्हे. तो असणें हीच एके काळीं नवलाई होती. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनीं आपले बंधु जोसेफ यांच्यासह १९२८ सालीं एक लहानसा कारखाना काढला. बॅटरीवर चालणारे घरगुती रेडिओ घरच्या विजेवर चालावे म्हणून लागणारें उपकरण ते बनवीत. तो धंदा बसूं लागला तेव्हां मोटारींत रेडिओ घालावा अशी कल्पना निघाली. १९३० च्या जूनमध्यें अटलांटिक सिटी येथें रेडिओ-कारखानदारांची परिषद भरली होती. गॅल्व्हिन यांस तेथें आपला माल मांडावयास जागा नव्हती; म्हणून त्यांनीं आपली स्टुडबेकर गाडी शिकागोहून हांकीत नेली, परिषदेच्या बाहेर उभी केली आणि आंतला रेडिओ मोठ्यानें लावून दिला! जाणारेयेणारे थांबले, त्यांनीं ऐकलें, आणि मागण्या मिळाल्या. या रेडिओचें नांव मोटोरोला. पुढें १९४७ सालीं कारखान्यानेंच तें नांव धारण केलें.

त्या पहिल्या मोटोरोलाची किंमत ११० ते १३० डॉलर होती, आणि नवी फोर्ड मोटार तेव्हां ५०० डॉलरांच्या आसपास मिळत असे. म्हणजे गाडीच्या किंमतीचा चौथा हिस्सा एकट्या रेडिओचा. तो बसवावयास कारागिरांचे दिवसच्या दिवस जात. समोरची फळी उकलावयाची, कर्ण्यासाठीं भोंक पाडावयाचें, टपाच्या कापडाआड एरियलची तार पसरावयाची, पायाखालच्या फळ्या कापून जास्तीच्या बॅटऱ्या ठेवावयाच्या. इतकें झाल्यावर इंजिनांत उडणाऱ्या प्रत्येक ठिणगीचा कडकडाट गाण्याच्या साथीला यावयाचा, त्याचा बंदोबस्त निराळाच. कर्जाच्या खटपटींत असतां एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडींत गॅल्व्हिन यांच्या माणसांनीं रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासाच्या आंत गाडीनेंच पेट घेतला, अशी एक कथा सांगतात. कर्ज अर्थात् मिळालें नाहीं. कथेला तिखटमीठ लागलें असेल. परंतु तारांचें काम हयगयीचें झालें तर काय होतें हें तींतून कळतें, म्हणून मुद्दाम सांगितली.

पुढें रेडिओ मोटारींत रुळला व त्याला एक ठरीव घर मिळालें. जर्मनींत ठरलेलें माप जगभर मान्य झालें : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. नंतर त्याच रुंदीचें पण दुप्पट उंचीचें मापहि रूढ झालें. आपल्या जुन्या वाड्यांत भिंतींना कोनाडे ठेवीत; त्यांत समई ठेवा, घड्याळ ठेवा कीं देव मांडा, भिंतीला त्याचें सोयरसुतक नसे. मोटारींतील ही खांच तशीच होती. स्वस्तांतली मालमोटार घेतली तर तिच्यावर नुसतें झांकण ठोकलेलें असे. तें काढून मालकानें आपल्या पसंतीचा रेडिओ आणून बसवावा, आणि दहा वर्षांनीं तो बिघडला तर बाहेर ओढून दुसरा सरकवावा. गाडीचें आयुष्य निराळें आणि रेडिओचें निराळें.

हा कोनाडा हळूहळू बुजला. अमेरिकेंत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीस मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडी मागें घेतांना तिच्याखालीं लहान मुलें सांपडत, म्हणून हा नियम. त्यास कोणीहि नांवें ठेवणार नाहीं. पण कॅमेरा आला म्हणजे पडदा आला, आणि पडदा एकदां मधोमध येऊन बसल्यावर रेडिओ, नकाशा, थंडगरम हवेचीं बटणें, सारें कांहीं त्यानें आपल्या पोटांत घेतलें. आतां रेडिओ बिघडला म्हणजे गाडीचा मेंदूच बिघडला. त्यांतून जी सोय बाहेरच्या जाळ्यावर अवलंबून आहे तिचें आयुष्य गाडीच्या मालकाच्या हातीं राहत नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील मोबाइल कंपन्यांनीं आपलें तिसऱ्या पिढीचें जाळें गुंडाळलें, तेव्हां पुष्कळ गाड्यांतील अपघाताची वर्दी आपोआप देणारी योजना निकामी झाली. गाडी धडधाकट, मालकाचा अपराध कांहीं नाहीं, आणि पैसे भरून घेतलेली सोय गेली! स्लेटवाल्यांनीं कॅमेऱ्याचें चित्र चाकामागील लहानशा फलकांतच दाखविण्याची योजना केली व मधली जागा मोकळी सोडली, याबद्दल आम्ही त्यांस मनापासून शाबासकी देतों.

येथपर्यंत आमचें त्यांचें जमतें. पडद्याच्या जागीं फोन अडकवा, जवळ एक लहानसा बिनतारी कर्णा ठेवा कीं झालें, असें जें सुचविण्यांत येतें, तेथें मात्र आमचा मतभेद आहे. फोन म्हणजे रेडिओ नव्हे. फोनवर ऐकूं येणारें गाणें वा बातमी आपल्यापर्यंत पोंचण्यास जवळचा मनोरा उभा असावा लागतो, त्याला वीज असावी लागते, आणि महिन्याचे पैसे भरलेले असावे लागतात. रेडिओला दूर कोठेंतरी एक केंद्र चालू असलें म्हणजे पुरें. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन नांवाच्या वादळानें नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत हाहाकार केला. ॲशव्हिल शहराच्या आसपास वीज गेली, नळ आटले, मोबाइल मुके झाले. पाणी कोठें वांटतात, कोणता रस्ता वाहून गेला, कोणता खुला आहे, हें कळावयास रेडिओचाच मुख्य आधार उरला, आणि घरांत वीज नसल्यामुळें कित्येकांनीं तो दारांतल्या मोटारींत बसून ऐकला. जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळुणांत ज्यांचे आप्त अडकले होते व ज्यांस त्यांची खुशाली फोनवरून कळेना, त्यांना हें अधिक उलगडून सांगण्याची जरुरी नाहीं.

त्यांतहि मध्यम लहरींचा पट्टा असलेला रेडिओ घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. एफ. एम. चा आवाज गोड, पण त्याची धांव क्षितिजाच्या फारशी पलीकडे नाहीं. मध्यम लहरींचें एखादें बलवान् केंद्र रात्रींच्या वेळीं शेंकडों मैलांवर ऐकूं येतें. दुर्दैवानें विजेच्या मोटारीचें आणि या लहरींचें हाडवैर आहे. चाकें फिरविणारा विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडून जोडून तयार करावा लागतो, आणि त्या तोडजोडीची खरखर नेमकी ५३० ते १७०० किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यांत येऊन पडते. तारांवर धातूचें वेष्टन घालून व गाळण्या लावून ती आवरतां येते, पण त्यास खर्च येतो. त्यापेक्षां पट्टाच काढून टाकणें कित्येक कारखानदारांना सोपें वाटलें. फोर्ड कंपनीनेंहि तसें ठरविलें होतें. परंतु संकटकाळच्या सूचना लोकांना कशा मिळणार, असा ओरडा झाल्यावर मे २०२३ मध्यें तिनें तो बेत फिरविला. प्रत्येक नव्या गाडींत हा पट्टा असलाच पाहिजे अशा अर्थाचें विधेयकहि त्याच महिन्यांत तिकडील कायदेमंडळापुढें मांडलें गेलें. कारखान्यानें बसविलेल्या रेडिओचे धनी असे दुसरे असतात. स्वतः आणून बसविलेल्या रेडिओंत कोणता पट्टा असावा हें ठरविणारे आपण, एवढा तरी बोडक्या गाडीचा लाभ घ्यावा.

आतां बसविण्याविषयीं. विजेच्या मोटारीची मुख्य बॅटरी शेंकडों व्होल्टांची असते. तिच्या तारांवर नारिंगी वेष्टन असतें, आणि नारिंगी दिसलें कीं हात मागें घ्यावा. रेडिओला लागतो तो दिव्यांना व भोंग्याला पुरविला जाणारा १२ व्होल्टांचा प्रवाह. तिकडील बाजारांत मिळणाऱ्या रेडिओंच्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळी तार अखंड प्रवाहाची. तिच्यामुळें लावून ठेवलेलीं स्थानकें व घड्याळाची वेळ स्मरणांत राहते. तांबडी तार गाडी चालू केल्यावरच जिवंत व्हावयाची. काळी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडावयाची. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी अशा चार जोड्या चार कर्ण्यांच्या, आणि प्रत्येक जोडींतील एकीवर काळी रेघ. पिवळी व तांबडी यांची अदलाबदल झाली तर रेडिओ रोज सकाळीं सारें विसरून जागा होतो. आणि उतावळा मिस्त्री दोन्ही एकत्र पिळून अखंड प्रवाहाला जोडील तर रेडिओ रात्रभर जागा राहून लहान बॅटरी पिऊन टाकतो. प्रवाह जेथून घेतला तेथून वीतभर अंतराच्या आंत फ्यूज असलाच पाहिजे. पत्र्यांतून तार ओढावयाची तर भोंकाला रबरी कडें हवें, नाहींतर पत्र्याची धार वेष्टन खाते आणि पॅकार्डची कथा पुन्हां घडते. अपघातसमयीं फुगून उघडणाऱ्या पिशव्या ज्या भागांत दडविलेल्या असतात त्या वाटेनें तारहि नेऊं नये व त्यापुढें कर्णाहि टांगूं नये.

एरियलची गोष्ट मात्र या गाडींत विशेष आहे. एफ. एम. ची लहर सुमारें तीन मीटर लांबीची. म्हणून तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे पाऊण मीटरची, काठी लोक पत्र्यावर उभी करतात. पण ती काठी एकटी काम करीत नाहीं. तिच्या पायाशीं पसरलेला लोखंडी पत्रा हें तिचें दुसरें अंग. पत्रेच प्लास्टिकचे असले तर काठी उभी राहील आणि रेडिओ मुका राहील. अशा गाडींत एरियलचा पाया जाड तारेनें आंतल्या धातूच्या सांगाड्याशीं बांधावा लागतो, हें सांगितल्यावांचून सगळ्याच मिस्त्र्यांच्या लक्षांत येईल असें नाहीं.

आपल्याकडे ही विद्या मुळींच दुर्मिळ नाहीं. टाटांचा २००५ सालीं निघालेला 'छोटा हत्ती' घ्या किंवा गांवोगांव भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप घ्या. गाडी ताब्यांत येतांच चालक ती पूजेला नेतो आणि तेथून थेट वायरमनकडे. रेडिओ, दोन कर्णे, वाटल्यास लुकलुकणारे दिवे, सर्व एका दुपारींत होतें, आणि गाणें घाट चढूं लागतें. कौशल्य उत्तम, परंतु फ्यूजविषयींची बेफिकिरी आणि उघड्या सांध्यांवर चिकटपट्टी गुंडाळून मोकळें होण्याची संवय, एवढ्या दोन गोष्टी आपल्या लोकांनीं तिकडे नेऊं नयेत.

सर्व जोडून झाल्यावर कारागीर उभ्या गाडींत एफ. एम. लावून दाखवील, तेवढ्यावर समाधान मानूं नये. मध्यम लहरींवरील एखादें दूरचें केंद्र लावावें, मैल दोन मैल गाडी चालवावी, वेग वाढवावा, कमी करावा. वेगाबरोबर खरखर चढत असेल तर गाळणी कमी पडली. काळी तार सांगाड्याला पक्की बसली आहे कीं नाहीं तेंहि पुन्हां पाहावें. मजुरी या फेरीनंतर द्यावी.