दूध बंद केलं, आता पुढे काय? गाईच्या दुधाची ॲलर्जी आणि स्पेशल फॉर्म्युला

बाळाच्या शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसली की कुठल्याही आईच्या पोटात गोळा येतो. कुणाच्या बाळाला वरचं दूध दिल्यावर दहा मिनिटांत अंगभर पित्तासारख्या लाल गांधी उठतात. कुणाचं बाळ आठवडेच्या आठवडे दूध ओकतं, कळवळून रडतं आणि वजन काही वाढत नाही. मग घरातून एकच सल्ला येतो: "दूध बंद करून बघ."

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. पण बाळ दुधावरच वाढत असतं. त्यामुळे दुधाच्या जागी काय द्यायचं आणि दूध परत कधी देऊन बघायचं, हे ठरवल्याशिवाय ते नुसतं बंद केलं तर बाळाचं नुकसान होऊ शकतं. आज याच उरलेल्या अर्ध्या सल्ल्याबद्दल बोलूया.

ॲलर्जी प्रोटीनची, साखरेची नाही

गाईच्या दुधात केसीन आणि व्हे ही प्रोटीन्स असतात. काही बाळांचं शरीर त्यांना शत्रू समजतं. हीच गाईच्या दुधाची ॲलर्जी. ती दोन प्रकारे दिसते. पहिल्या प्रकारात काही मिनिटांत ते दोन तासांत त्रास होतो: गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, उलटी, क्वचित श्वास लागणं. दुसऱ्या प्रकारात काही तासांनी किंवा काही दिवसांनी त्रास होतो: जुलाब, शीमध्ये रक्त किंवा शेंब, सतत ओकणं, वजन न वाढणं.

लॅक्टोज न पचणं ही वेगळी गोष्ट आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. लहान बाळांना हा त्रास बहुतेक वेळा जुलाब लागून गेल्यावर थोडे दिवस होतो. इथेच मोठा गोंधळ होतो. ॲलर्जी असलेल्या बाळासाठी दुकानातून गाईच्या दुधापासून बनवलेला "लॅक्टोज-फ्री" डबा आणला जातो. त्यात साखर काढलेली असते, पण प्रोटीन तसंच असतं. म्हणजे ज्याचा त्रास आहे, तेच बाळाच्या पोटात जात राहतं.

खात्री कशी करायची?

भारतातल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात या ॲलर्जीबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा भर दोन्ही बाजूंवर आहे: ॲलर्जी ओळखायची राहून जाऊ नये आणि नसलेली ॲलर्जी बाळाच्या माथी मारलीही जाऊ नये.

पद्धत साधी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण दोन ते चार आठवडे गाईच्या दुधाचं प्रोटीन पूर्ण बंद करायचं. त्रास कमी होतो का ते बघायचं. आणि मग दूध परत थोडं थोडं देऊन बघायचं. त्रास परत आला तर ॲलर्जी पक्की.

ही शेवटची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. बाळ बरं झालं, आता पुन्हा कशाला छेडायचं, असं वाटतं. पण पोटदुखी, ओकणं, पुरळ या गोष्टी पुष्कळ बाळांमध्ये वाढत्या वयाबरोबर आपोआपही कमी होतात. परत देऊन बघितलं नाही तर बाळ दूध बंद केल्यामुळे बरं झालं की मोठं झाल्यामुळे, हे कळणारच नाही. आणि विनाकारण वर्षभर महागडे डबे आणि पथ्य गळ्यात पडेल. मात्र आधी सूज, श्वासाचा त्रास किंवा जोरदार रिॲक्शन आली असेल तर हा प्रयोग घरी अजिबात करू नका. तो हॉस्पिटलमध्येच होतो.

रक्ताची किंवा त्वचेची टेस्ट पहिल्या, लगेच होणाऱ्या प्रकारात मदत करते. दुसऱ्या प्रकारात ती निगेटिव्ह येऊनही ॲलर्जी असू शकते. म्हणून नुसत्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये.

अंगावर पाजत असाल तर पाजणं थांबवू नका

आईच्या दुधाची ही ॲलर्जी नसते. आईने खाल्लेल्या दुधाच्या पदार्थांमधलं थोडं प्रोटीन तिच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतं आणि काही बाळांना तेवढंही पुरतं. अशा वेळी डॉक्टर आईला दुधाचं पथ्य सांगतात.

हे पथ्य आपल्या घरांत अवघड जातं, कारण बाळंतिणीचं सगळं खाणंच दूध-तुपाचं. चहा, ताक, पनीर, अळिवाची खीर, तुपातले डिंकाचे लाडू, सगळंच थांबतं. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करता येते, अळिवाचे लाडू ओल्या नारळात आणि गुळात होतात. नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाज्या ताटात हव्यातच. तरीही कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन-चार आठवड्यांत बाळाला काहीच फरक पडला नाही तर त्यांच्याशी बोलून पथ्य सोडा. आईने उगाच उपाशी राहण्यात बाळाचं भलं नाही.

कुठला डबा कुणासाठी?

बाळ वरच्या दुधावर असेल तर स्पेशल फॉर्म्युला लागतो. त्याचे मुख्य प्रकार असे:

• एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला: यात दुधाच्या प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक बाळांचं शरीर ते ओळखत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी सहसा हाच पहिला पर्याय.

• अमिनो ॲसिड फॉर्म्युला: यात प्रोटीनचे सगळ्यात छोटे घटकच असतात. वरचा डबा देऊनही त्रास थांबला नाही, वजन फारच मागे पडलं किंवा रिॲक्शन गंभीर असेल तर डॉक्टर हा सुचवतात.

• सोया फॉर्म्युला: सहा महिन्यांनंतर हा पर्याय असू शकतो आणि तो तुलनेने स्वस्त पडतो. पण काही बाळांना सोयाचीही ॲलर्जी असते. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारं सोया मिल्क म्हणजे सोया फॉर्म्युला नव्हे.

"पार्शली हायड्रोलाइज्ड" असं लिहिलेला डबा या ॲलर्जीवर उपचार म्हणून चालत नाही. त्यात प्रोटीनचे तुकडे पुरेसे बारीक नसतात.

इथे आम्ही मुद्दामच कुठल्या ब्रँडचं नाव घेतलेलं नाही. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, जो २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून एखाद्या रीलमध्ये कुणी डब्याचा कूपन कोड देत असेल तर सावध व्हा. डबा डॉक्टरांनी ठरवायचा.

म्हशीचं, बकरीचं, बदामाचं?

सासूबाई फोनवर म्हणतात, "म्हशीचं देऊन बघ." शेजारच्या आंटी म्हणतात, "बकरी का दे दो, हल्का होता है." दिल्लीत बकरीच्या दुधावर लोकांचा भारी विश्वास. डेंग्यूच्या दिवसांत तर त्याचे भाव गगनाला भिडतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण म्हशीच्या आणि बकरीच्या दुधातली प्रोटीन्स गाईच्या दुधातल्या प्रोटीन्ससारखीच असतात. गाईचं दूध न चालणाऱ्या बहुतेक बाळांना बकरीचंही चालत नाही. उकळून, आटवून किंवा पाणी घालूनही ॲलर्जी जात नाही.

बदामाचं दूध, तांदळाची पेज, नारळाचं दूध यांत एक वर्षाच्या आतल्या बाळाला लागणारं पोषण नसतं. सहा महिन्यांनंतर स्वयंपाकात वापरायला हरकत नाही, पण बाटलीतल्या दुधाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

खर्चाचा हिशोब आधीच करा

हे डबे नेहमीच्या फॉर्म्युलाच्या कित्येक पट महाग असतात. सहा किलोचं, फक्त फॉर्म्युलावर असलेलं बाळ दिवसाला साधारण ९०० मिली दूध पितं. त्याला अंदाजे १२० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा तीन-सव्वातीन दिवसांत संपतो आणि महिन्याला नऊ-दहा डबे लागतात. हा आकडा डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. लाज वाटून घेऊ नका. खर्च झेपत नाही म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त करणं हा सगळ्यात धोकादायक मार्ग आहे, कारण बाळ पोटभर पिऊनही उपाशी राहतं. दिल्लीत एम्स, कलावती सरन बाल रुग्णालय आणि नोएडात सेक्टर ३० मधली बाल आरोग्य संस्था या सरकारी जागांचा पर्याय आहे. महागडा डबा वर्षभर घ्यायचा निर्णय करण्याआधी तिथे दुसरं मत घेता येईल.

शेवटचा डबा उघडला की पुढच्याची सोय करून ठेवा. २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एका मोठ्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि देशभर डब्यांची टंचाई झाली. त्या मे महिन्यात लष्करी विमानाने जर्मनीहून डबे आणावे लागले, आणि पहिल्या खेपेत ॲलर्जीच्या बाळांसाठीचाच फॉर्म्युला होता. कारण त्या बाळांना साधा डबा देऊन चालतच नाही.

डबा सुरू करताना

या फॉर्म्युलाची चव कडवट आणि वास उग्र असतो. लहान बाळं सहसा पटकन स्वीकारतात, मोठी तोंड फिरवतात. चार-पाच दिवस धीर धरा. शीचा रंग हिरवट झाला तर घाबरू नका. पाणी उकळलेलं हवं, चमचा त्याच डब्यातला आणि सपाट भरलेला हवा, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच. उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

उष्टावण आणि त्यानंतर

उष्टावणाची खीर चुकली म्हणून मन लहान करू नका. नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून त्यात बाळाचाच फॉर्म्युला घालता येतो. वरण-भातावर तुपाऐवजी थोडं तेल चालतं. तुपातही प्रोटीनचा अंश राहू शकतो.

खरी परीक्षा घराबाहेर असते. देवळातलं पंचामृत, गणपतीतला पेढा, कौतुकाने हातात दिलेलं बिस्किट. घरातल्या सगळ्यांना, सांभाळणाऱ्या ताईंना आणि पाळणाघराला स्पष्ट सांगून ठेवा. पाकिटावर ॲलर्जीची माहिती देणं भारतात बंधनकारक आहे आणि दूध त्या यादीत आहे. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसीनेट, खवा, छेना यांपैकी काहीही दिसलं तर पाकीट परत ठेवा. बाळाच्या तयार सीरियलमध्येही बऱ्याचदा दूध पावडर असते.

आणि हे फ्रीजवर लिहून ठेवा: श्वास लागला, आवाज घोगरा झाला, बाळ फिकट किंवा मलूल पडलं तर वाट न बघता ११२ वर फोन करा किंवा सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

हे कायमचं नसतं

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, पुष्कळांची त्याआधीच. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, "आता परत देऊन बघायचं का?" काही मुलांना डॉक्टर आधी बिस्किटासारख्या चांगल्या भाजलेल्या पदार्थातून दूध देऊन बघतात, मग हळूहळू पुढे जातात. दूध बंद करताना जेवढी काळजी घेतली, तेवढीच ते परत सुरू करतानाही घ्या. तुमच्या बाळाची पुढची तपासणी कधी आहे? आजच कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

हा लेख माहितीसाठी आहे. बाळाचं दूध बंद करण्याआधी किंवा बदलण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला नक्की घ्या.