गाणे आमचे, पोस्टर कोणाचे?

नवा अल्बम निघाला, कार्यक्रमाची तारीख ठरली, की आपली तरुण पोरे तिकिटासाठी धावतात. धावावेच. बड्या कंपनीची पायरी न चढता एखादा लोकगायक स्वतःचे शब्द स्वतः गातो, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु त्या पोस्टरवर नाव कोणाचे आणि पैसा कोणाच्या खिशात, हे कोणी विचारायचे?

तामिळनाडूच्या अरिवूचे प्रकरण आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. हा आंबेडकरी विचारांचा गीतकार-गायक. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या संचातून तो पुढे आला. संचाचे नाव पंडित अयोथीदासांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या विचारावरून घेतलेले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि वस्तीतल्या मयताला वाजणारे ‘गाना’ संगीत भर मंचावर ताठ मानेने उभे राहिले.

मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आले. त्यामागे अरिवूची आजी वल्लिअम्माल आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून रिकाम्या हाताने मायदेशी परतलेल्या भूमिहीनांपैकी ती एक. शब्द अरिवूचे, गायले त्याने आणि धी या गायिकेने, निर्मिती संतोष नारायणन यांची. गाणे कोट्यवधी लोकांनी ऐकले. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने या यशाचा गौरव करताना मुखपृष्ठावर धीसोबत दुसऱ्याच गायकाला बसवले. अरिवू गायब! रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात तेच गाणे झाले, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. चाल कोणाची यावर मग वाद झाला. दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे मांडले. त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र या गाण्याचा एक पैसाही तिघांपैकी कोणाला मिळालेला नाही, असे मार्च २०२४ मध्ये खुद्द नारायणन यांनीच सांगितले. एवढे गाजलेले गाणे आणि गाणारे कोरडे!

आता स्वतःच्या अंगणात पाहू. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गीते लिहिली. त्यांच्या गीतांवर कॅसेटी निघाल्या, सीडी निघाल्या, आज युट्यूबवर वाहिन्या चालतात. कित्येक ठिकाणी गीतकार म्हणून त्यांचे नावसुद्धा नसते. जयंतीच्या डीजेला आगाऊ रक्कम मोजणारे मंडळ शाहिराला परतीचे भाडे देताना का कुरकुरते? (मंडळांनी आपल्याच वह्या उघडून पाहाव्यात.) मनुवाद्यांनी आमची कला लुटली हे खरेच, पण आपल्या कलावंताला फुकट राबवणारे आपणच असू, तर दोष कोणाला द्यायचा?

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. कंपनीने कागदावर सही घेतली तरी तो हक्क कंपनीकडे जात नाही. हे आमच्या किती गायकांना ठाऊक आहे? वकिली शिकलेल्या आमच्या मुलांनी रविवारचे दोन तास काढून वस्तीतल्या गायकांचे करारनामे वाचून द्यावेत. आणि १४ एप्रिलची पत्रके छापायला जातील तेव्हा पाहुण्या पुढाऱ्यांच्या यादीआधी गीत लिहिणाऱ्याचे नाव घालावे, मानधनाचा आकडा आधीच लिहून द्यावा.