श्रद्धेचे मूळ आणि श्रद्धेचे मोल

देव माणसाला कसा सुचला, या प्रश्नाची उत्तरे पूर्वी तत्त्वज्ञ देत. आता मानसशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञही ती देऊ लागले आहेत. ती ऐकून नास्तिक हुरळतात, आस्तिक बिचकतात. दोघांचीही घाई अनाठायी आहे.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर व मारियान झिमेल यांनी एका लघुचित्रपटाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ सरकत होते, एवढेच. प्रेक्षकांना मात्र त्यात दांडगाई दिसली, पाठलाग दिसला. हेतू शोधणे हा मानवी मनाचा स्वभावच आहे. गवतातील सळसळ वाऱ्याची मानणाऱ्यापेक्षा ती श्वापदाची समजून पळणारा वाचण्याचा संभव अधिक. विजेमागे, रोगामागे कोणी कर्ता असावा ही कल्पना याच सावध मनातून स्फुरली, असे जस्टिन बॅरेट यांच्यासारखे अभ्यासक मानतात.

परंतु एकट्याला झालेला भास म्हणजे धर्म नव्हे. त्याला समाजाची जोड लागते. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी, शेती न करणाऱ्या शिकारी लोकांनी साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे कोरीव पाषाणस्तंभ उभारले. ते केवळ पूजास्थान होते की तेथे वस्तीही होती, याविषयी मतभेद आहेत. पण पोटासाठी नव्हे अशा कामासाठी तेथे माणसे एकत्र आली होती, हे निश्चित.

ही एकजूट अनोळखी माणसापर्यंत कशी पोहोचते? २०१६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझील, रशिया, टांझानिया, व्हानुआटू, तसेच फिजी व मॉरिशस येथील हिंदूंसह आठ समाजांतील ५९१ जण होते. फासा टाकून नाणी दोन पेल्यांत विभागायची. लबाडी केली तरी कोणी पाहणार नव्हते. आपला देव सर्व जाणतो आणि शासन करतो असे ज्यांना अधिक वाटत होते, त्यांनी दूरच्या, अनोळखी स्वधर्मीयाच्या पेल्यात अधिक नाणी टाकली.

यातून देव खोटा ठरतो काय? मुळीच नाही. डोळा उत्क्रांत झाला म्हणून सूर्य मिथ्या ठरत नाही. मात्र तहान लागली म्हणून प्रत्येक मृगजळ पाणीही ठरत नाही. श्रद्धेचा उगम विज्ञान सांगू शकेल. तिचे सत्य वा असत्य त्यावरून सिद्ध होत नाही.

खरा विचार करायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या प्रयोगात परधर्मीयासाठी पेला ठेवलेलाच नव्हता. श्रद्धा माणसाला प्रामाणिक करते, हे समाधान मोठे आहे. पण तो प्रामाणिकपणा स्वकीयांच्या कुंपणापाशी थांबत असेल, तर तो अद्याप टोळीचाच सद्गुण होय. कुंपणापलीकडचे पाऊल उत्क्रांती आपोआप टाकून देणार नाही. ते श्रद्धावंतानेच जाणीवपूर्वक टाकायचे आहे, आणि त्याच्या श्रद्धेचे मोल त्यावरूनच ठरेल.