कडक म्हणजे चांगलं?

आमच्या अमेरिकेतल्या भाचेबुवांनी जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलंय. मार्क सिक्स, १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलेलं. (ताई, ओरडू नकोस, रेंजवरच झाडतो तो.) आता गोळ्या कडक शिशाच्याच हव्यात म्हणे!

कशाला रे बाबा? या वेब्लीत सिलिंडरची तोंडं अनेकदा नळीपेक्षा अरुंद असतात. गोळी तिथून दबून निघते. शिसं मऊ आणि बूड पोकळ असेल तर मागच्या वायूच्या दाबाने ते फुगतं आणि नळीत घट्ट बसतं. अँटिमनी घातलेली कडक गोळी फुगतच नाही. वायू बाजूने निसटतो, नळीत शिसं चिकटतं. पेणला साच्यांमध्ये वाढलेल्या पोराला हे मी सांगायचं?

आणि सिलिंडर मागून कापलंय, .४५ ऑटोची काडतुसं बसतात, म्हणून बाजारातली तयार काडतुसं झाडू नकोस. तेवढा दाब त्या म्हाताऱ्याला झेपत नाही.