पैसे मोजून हमाली

“पैसे मोजून हमाली करायची, याला सहल म्हणतात होय?” गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे मिसिसागाला आलेल्या माझ्या सासऱ्यांचा हा सवाल. आम्ही टोरंटोहून तीनेक तासांवरच्या ॲल्गॉन्क्विन पार्काची तयारी करत होतो. १८९३ साली राखीव झालेलं हे जंगल साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यात दोन हजारांवर तळी आहेत. कनू नावाची निमुळती होडी वल्हवत जायचं, पाणी संपलं की तीच होडी डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. या वाटेला पोर्टेज म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे : हे जंगल दंडापेक्षा या हमालीनं जास्त राखलं आहे.

सकाळी कनू लेकच्या धक्क्यावर जत्राच होती. भाड्याच्या होड्यांची रांग, गाड्या लावायला जागा नाही, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी, मधूनच एखादी मोटारबोट. तळ्याच्या उत्तर टोकाला पिवळी पाटी : जो लेक, २९५ मीटर. इथून हमाली सुरू.

केव्हलारची कनू वीसेक किलोची. तिच्या मधल्या आडव्या लाकडाला बैलाच्या जुवासारखा खांद्याच्या मापाचा बाक असतो. होडी आधी मांडीवर घ्यायची, मग एका झटक्यात उलटी करून खांद्यावर टाकायची. डोकं होडीच्या आत. दिसतात ती फक्त पुढची चार पावलं, मुळं, दगड आणि चिखल. दोन्ही हात होडीच्या कडांना, त्यामुळे मानेवर बसलेला डासही हाकलता येत नाही. होडी नवऱ्याकडे, शिध्याचं पिंप माझ्या पाठीवर. उरलेल्या पिशव्यांसाठी पुन्हा फेरी, म्हणजे २९५ मीटरच्या वाटेला जवळजवळ नऊशे मीटर चाल.

एवढ्यानंच निम्मी गर्दी गळते. बर्फाच्या पेट्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले जो लेकवरच बूड टेकतात. पुढे लिटल जो तळ्याच्या काठी एक जुनं रिसॉर्ट आहे. तिथवर गाडीरस्ता येतो, म्हणून तिथे पुन्हा माणसं. त्यानंतर बेबी जो, आणखी दोन-तीन लहान पोर्टेज, आणि दुपारी बर्न्ट आयलंड लेक. अफाट पाणी आणि दूरवर एकच होडी. लून पक्ष्यानं घातलेली साद काठाकाठानं फिरून परत येत होती. स्पीकरवाले कुठेच नव्हते.

नियम आहेतच. कोणत्या तळ्यावर मुक्काम, याची परवानगी आधी काढावी लागते. एका जागी नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. पण दोन हजार तळ्यांवर रखवालदार कोण नेमणार? ते काम वाटेवरचा चढ बिनपगारी करतो.

हे काही माणसाचा हात न लागलेलं अरण्य नाही. या मुलखात ॲल्गॉन्क्विन लोक पार्क होण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. भूर्जाच्या सालीची त्यांची होडी उचलून नेता यावी इतकी हलकी असे. पार्काच्या मोठ्या भागात आजही लाकूडतोड चालते. त्यासाठी रस्ते आहेत, पण बहुतेक ठिकाणी पर्यटकांच्या गाड्यांना त्यावर मज्जाव आहे. म्हणजे इथली शांतता आपोआप टिकलेली नाही. रस्ता कुणासाठी आणि कुठवर, हे कुणीतरी ठरवलं म्हणून ती टिकली.

मग ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी काय करायचं? आक्षेप खरा आहे, आमच्या घरातलाच आहे. त्याचं उत्तर हायवे ६०. पार्काच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या या रस्त्याकडेला गाडीनं जाता येईल असे तंबूतळ आहेत, माहिती केंद्र आहे, लाकूडतोडीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आमच्या या फेरीनंतर सासऱ्यांना तिथे नेलं, तर ते दिवसभर रमले. एक पट्टा सगळ्यांसाठी, बाकीचं जंगल वाहून नेणाऱ्यांसाठी. ही वाटणी मला रास्त वाटते.

आपल्याकडे मात्र गाडी दारापर्यंत गेली म्हणजे विकास झाला. रायगडाला रोपवे आहे, तो असावाच. म्हाताऱ्या माणसांनी महाराजांची समाधी का पाहू नये? पण म्हणून प्रत्येक गडावर रोपवे आणि प्रत्येक धबधब्याला वाहनतळ, या मागणीला अंत नाही. सासऱ्यांच्या साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज किती जणांना सोडायचं याचा आकडा ठरवावा लागला, कारण रस्ता थेट फुलांना जाऊन भिडतो. आकडा हा नंतरचा इलाज. गाड्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे थांबवणं हा आधीचा, आणि स्वस्तही. नव्या पर्यटनस्थळाचा आराखडा मंजूर करताना रस्ता कुठून येतो हे सगळेच विचारतात. तो कुठे संपतो, हेही त्याच कागदावर लिहून घ्यायला हवं.