उद्ध्वस्त नगरीच्या बातम्या कोणाला बोचतात?



गेल्या शनिवारी दुबई मरीनात आमच्या घरी जमलेल्या मंडळींनी एक श्रुतिका वाचली. जग बेचिराख झाले आहे, उरलेल्या एकमेव नगरीवर हुकूमशहाचे राज्य आहे आणि तिथला रेडिओ बातम्या देतो : "महाराजांच्या आज्ञेनुसार आज हवा स्वच्छ होती." आम्ही पोट धरून हसलो. माझ्या राजकीय मतांच्या अगदी विरुद्ध टोकाचे एक गृहस्थ तर म्हणाले, "झकास! गणपतीत करूया." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जे कोणालाच लागत नाही, त्याला विडंबन कसे म्हणायचे?

आपल्याला अशी नगरी कल्पावी लागत नाही. आणीबाणीत आकाशवाणीला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणत. दोनच अक्षरे इकडची तिकडे, पण नाव घेतलेले होते, म्हणून तो विनोद आजही जिवंत आहे. सरकारी कार्यक्रमांना सहकार्य केले नाही म्हणून १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. कोणत्या श्रुतिकाकाराला हे सुचले असते? आणि १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, ती केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाणांच्या समोर. पुढे त्या तुरुंगात गेल्या. त्यांनी रूपककथा सांगितली नव्हती.

त्याआधी १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्ट ते नोव्हेंबर, जेमतेम तीन महिने. त्यांनी लपवला तो स्वतःचा पत्ता. जुलूम करणाऱ्याचे नाव नाही. आपण नेमके उलटे करतो. आपले पत्ते सगळ्यांना ठाऊक, जुलमी मात्र निनावी!

"मरीनात बसून शहाणपण शिकवू नका," असे कोणी म्हणेल. मान्य आहे. इथे २०१३ मध्ये दुबईच्या तरुणांवरच्या एका विनोदी चित्रफितीसाठी माणसे तुरुंगात गेली. २०२१ चा सायबर कायदाही मी वाचला आहे, आणि हे पत्रसुद्धा दोनदा खोडून लिहिले आहे. भीती खरी आहे, तिची लाज नाही. पण भीतीला कलात्मकता म्हणू नये. आणि न्यू जर्सी, लंडनच्या सभासदांची सबब काय?

माझी सूचना साधी आहे. कल्पित महाराज सोडा, खरी बातमी घ्या. उदाहरणार्थ, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. तरी २०११ च्या धोरणाने खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देऊ दिल्या नाहीत. आकाशवाणीच्या तेवढ्या, त्याही जशाच्या तशा, ऐकवायच्या. दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या रात्रभर ओरडू शकतात, पण ट्रकचालक आणि शेतमजूर ऐकतात त्या रेडिओला तोंड नाही. २०२३ मध्ये खुद्द ट्रायने तासाला दहा मिनिटे बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली. 'जशाच्या तशा' एवढ्या दोन शब्दांवर अख्खी श्रुतिका उभी राहील, आणि त्यात एकही शब्द खोटा नसेल.

ती ऐकून ते गृहस्थ टाळ्या वाजवणार नाहीत. वाद घालतील. घालू देत. गणपतीत तेच व्हायला हवे.

असो. संहितेसाठी लागणारे कागद जमवायचे काम मी घेतो. आवाज कोण देणार?