तायकिळा आणि कासविंदा

मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात आमच्याकडे बांधावर, शाळेच्या मैदानाकडेला, अगदी बसथांब्यामागेही तायकिळा उगवतो. महाराष्ट्रातला टाकळा तो हाच. कोवळा पाला, फणसाची बिकणां आणि सढळ हाताने घातलेले खोबरे! श्रावण लागण्याआधीच ही भाजी दोन-तीनदा ताटात येऊन जाते.

हल्ली एक गोष्ट मात्र मला खटकते. कासविंद्याला काही मंडळी 'रानतायकिळा' म्हणतात. जणू तायकिळा आपण वाफ्यात लावतो!

दोघे भाऊबंद, हे खरे. दोघांचीही फुले पिवळी, पाने चुरगाळली तर वास उग्र. लिनियसने १७५३ साली दोघांना कॅसिया याच कुळीत घातले. आज दोघे सेन्ना झाले आहेत. पण पान हातात घेऊन पाहा. तायकिळ्याला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोके गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोके अणकुचीदार. तायकिळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, वर उभी राहणारी, कडा फिकट. कासविंदा वाढतोही जास्त, कमरेच्या वर जातो.

हा फरक जिवावर बेतू शकतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की दरवर्षी लहान मुले अचानक बेशुद्ध होत आणि बहुतेक दगावत. मेंदूज्वराची साथ म्हणून त्याकडे पाहिले जाई. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला घातला होता. हिंदीत तायकिळ्याला पवाड म्हणतात, आणि तिकडे कासविंद्यालाही 'पमाड' हे नाव चालते. नावांची सरमिसळ तिथेही आहेच.

आयुर्वेदाने एक चक्रमर्द, दुसरा कासमर्द अशी नावे वेगळी ठेवली. एक नायट्यावरचा, दुसरा खोकल्यावरचा. कासविंद्याचा कोवळा पाला काही ठिकाणी शिजवून खातात, हेही मला ठाऊक आहे. तरी तो तायकिळ्याच्या जुडीत नको, आणि तायकिळ्याच्या नावाने तर मुळीच नको. भाजीवालीला नाव विचारा, पाने मोजा. आणि शाळेच्या, अंगणवाडीच्या कुंपणालगतचा कासविंदा चतुर्थीपूर्वी, शेंगा धरण्याआधीच, मुळासकट उपटून टाका.